चोपन्न पायऱ्या

"एक मिनिट वीस सेकंद!" मंजिरी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून ओरडली आणि माझं मनगटी घड्याळ कानाला लावून पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

शालन कमरेवर कळशी घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्या वाटेतच पाट टाकून बसलो होतो.

"पायऱ्या किती?" मी मंजिरीला विचारलं.

"चोपन्न."

"मग एका पायरीला किती वेळ लागला?"

पोरीनं बोटं मोजली, भिंतीकडे पाहिलं, ओठ हलवले. "दीड सेकंद. त्याहून थोडं कमी."

"शाबास!"

"अहो, कळशी उतरू द्या आधी," शालन म्हणाली. "मग काय ते बापलेक गणितं करा. माझी कंबर मोडायची वेळ आली."

मी पाट सरकवला. मंजिरीनं वही उघडून रकाने आखले. तारीख, काय मोजलं, किती. चार जानेवारी, एक कळशी पाणी तळमजल्यापासून तिसरा मजला, ऐंशी सेकंद. खाली मी सही केली, 'तपासले, फडतरे.' आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक आकड्याखाली अशी सही लागायची. ती सवय मी घरी आणली होती आणि मला तिचा अभिमान होता.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. मी तेव्हा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. उसाचा रस दर तासाला तपासायचा, त्यातली साखर किती ते रजिस्टरात भरायचं, हे माझं काम. राहायला कारखान्याच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पाणी वर चढत नसे. सकाळी सात ते आठ तळमजल्याच्या नळाला यायचं, तेवढ्यात शालन चार खेपा घालायची. मी त्या वेळी कामावर जायच्या गडबडीत असायचो, किंवा कामावरून येऊन टेकलेला असायचो.

मंजिरी चौथीत होती. सहामाहीला गणितात तिला पन्नासपैकी सात मिळाले होते. जगदाळे बाईंनी मला शाळेत बोलावलं आणि वर्गात सगळ्या पोरांच्या देखत विचारलं.

"फडतरे, तुम्ही प्रयोगशाळेत आहात ना? आणि पोरीचं गणित हे असं?"

माझे कान तापले. बाई पुढे म्हणाल्या, "स्कॉलरशिपच्या यादीतून हिचं नाव काढायचं ठरवलंय मी. जानेवारी संपेपर्यंत काही फरक दिसला तर ठेवीन. मला वही आणून दाखवा."

माझा स्वभाव तेव्हा तापट होता. आताही आहे, फक्त आवाज कमी झालाय. घरी येऊन आधी मंजिरीवर ओरडलो, मग शालनवर, मग जेवलो नाही. सकाळी उठलो तेव्हा डोकं थंड झालं होतं आणि एक गोष्ट लक्षात आली. पोरीला पाढे येत होते. आकडा कशाचा आहे हे मात्र तिला कळत नव्हतं. पुस्तकातल्या हौदाला दोन तोट्या असल्या काय आणि दहा असल्या काय, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मग मी ठरवलं, पुस्तक बंद. घरात जे आहे तेच मोजायचं.

आणि जमलं की हो! भाकरीचे आठ तुकडे करून तीन खाल्ले तर उरले किती, हे तिनं दोन दिवसांत गिळलं. कुकरची शिट्टी का वाजते, थंडीत खोबरेल का गोठतं, बादलीत तांब्या बुडवला की पाणी किती वर चढतं, सगळं ती वहीत लिहायची. शालनचे ते चार दिवस आले की स्वयंपाक माझ्याकडे यायचा. आमच्याकडे ते चार दिवस बाई ओट्याला शिवत नसे. नियम माझ्या आईचा. आई गावी राहायची, पण नियम आमच्या बिऱ्हाडी नांदत होता, आणि तो पाळला जातो की नाही हे मी बघायचो. त्या दिवसांत पाणीही मीच भरायचो. तेव्हा मंजिरीला तांदळाला दुप्पट पाणी का लागतं ते शिकवलं. पाचव्या दिवशी शालन डोक्यावरून न्हाऊन परत ओट्यापाशी. बरोबर चार दिवस, कधी तीन नाहीत की पाच नाहीत. मी मोजणारा माणूस, मला त्याचंही कौतुक होतं.

गडबड सुरू झाली ती पेन्सिलींपासून.

पाटीवरच्या पेन्सिलींचा दहाचा डबा मी आणला होता, वजाबाकीसाठी. रोज एक झिजली की लिहायची, उरल्या किती. चौथ्या दिवशी वहीत सहा होत्या आणि डब्यात तीन.

"बाकीच्या कुठं गेल्या?"

मंजिरीनं डब्याचं झाकण लावलं.

"खाल्ल्यास?"

तिनं आतल्या दाराकडे पाहिलं.

"जीभ दाखव."

तिनं जीभ बाहेर काढली. गुलाबी होती. मग मला वाटलं, चूळ भरून आली असणार. मी एक ठेवून दिली. शालन आतून धावत आली आणि पोरीला पोटाशी धरून म्हणाली, "असू द्या हो, पेन्सिलच ती. मारताय काय?" तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. पोरीला मारलं म्हणून घाबरली, असं मला वाटलं.

दुसरा डबा आणला. त्याचंही तेच झालं. मी डबा कपाटावर ठेवला, तरी हिशेब जुळेना. मंजिरीचा हात तिथे पोचत नव्हता. खुर्ची घेतली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मग कळशी बिघडली. म्हणजे कळशीचे आकडे बिघडले. पहिल्या आठवड्यात ऐंशी, एक्याऐंशी, चौऱ्याऐंशी. पुढे अठ्ठ्याऐंशी. मग पंच्याण्णव, एकशे चार, एकशे तेरा. मी वही नीट बघायला घेतली तेव्हा शेवटचा आकडा होता एकशे एकवीस.

"हे काय लिहिलंस?"

"वेळ."

"जिन्याच्या पायऱ्या वाढल्या का?"

"नाही."

"कळशी मोठी झाली?"

"नाही."

"मग वेळ कसा वाढेल? तीच कळशी, त्याच पायऱ्या, तीच बाई. सांग ना."

"माहीत नाही, अण्णा. मी घड्याळात बघूनच लिहिलं."

मला खरोखर कोडं पडलं. मी कामावर जाऊन भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी माझं घड्याळ लावून पाहिलं. ठीक होतं. कळशी मोजली, तेवढंच पाणी. शेवटी एक दिवस सुट्टी घेतली आणि सात वाजता मीच घड्याळ घेऊन वर उभा राहिलो.

"आज तुम्ही?" शालननं खालून विचारलं.

"हो. मी बघतो. ये."

ती आली. भराभर आली. ब्याऐंशी सेकंद.

"बघ," मी मंजिरीला म्हणालो. "ब्याऐंशी! तुझं लक्ष नसतं. इकडं तिकडं बघत बसतेस आणि उशिरा आकडा घेतेस."

मंजिरी आईकडे बघत होती. शालन कळशी ठेवून दोन्ही हातांनी ओट्याला धरून उभी होती, पाठमोरी. बराच वेळ तशीच होती. पुढची खेप घालू की नको, असा विचार करत असेल, असं मला वाटलं.

"आई, तू आज पळत आलीस," मंजिरी म्हणाली.

"गप गं," शालन तोंड न वळवता म्हणाली. "मला काय धाड भरलीय?"

त्याच आठवड्यात मी नाडी शिकवली. मनगटावर तीन बोटं ठेवायची, मिनिटभर मोजायचं. माझी चौऱ्याहत्तर, तिची ब्याण्णव. मग ती आत जाऊन आईची मोजून आली.

"एकशे अठरा."

"शक्य नाही. मोठ्या माणसाची बहात्तर असते. पुस्तकात आहे."

"मी तीनदा मोजली."

"तीनदा चुकलीस."

शालन दोन पावलांवर शेंगा सोलत बसली होती. हात पुढे करून मनगट धरलं असतं तर मिनिटाचा प्रश्न होता. मी उठलो नाही. का उठलो नाही ते मला आजही धड सांगता येत नाही. बायकोची नाडी बघायची म्हणजे उगाच काहीतरी, असं वाटलं असेल. की पोरगी बरोबर निघेल याची भीती होती? नाही, तेवढीही अक्कल तेव्हा नव्हती.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की बाईंना वही दाखवायची होती. आदल्या दुपारी मी मंजिरीला घेऊन बसलो. एका बाजूला वही, एका बाजूला खोडरबर.

इथं आमच्या प्रयोगशाळेची एक गोष्ट सांगायला हवी. दर तासाला रस तपासायचा असा नियम, पण तपासायचं कोण? पाळीच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा तपासायचं, मधले आकडे त्यांच्या अलीकडे पलीकडे भरून टाकायचे. चुकून एखादा आकडा भलताच आला तर तो खोडून शेजारच्यासारखा करायचा. वरच्यांचा त्रास नको. सगळेच करत. मला ते चूक वाटतच नव्हतं. त्याला आम्ही आकडा बसवणं म्हणायचो.

"एकशे एकवीस खोड. ब्याऐंशी लिही," मी मंजिरीला सांगितलं. "एकशे तेरा खोड. एक्याऐंशी लिही. नाडी बहात्तर. पेन्सिली सहा."

"पण अण्णा, मी मोजलं ते हे नाही."

"अगं, मोजताना चूक होते. मोठ्या प्रयोगशाळेत पण होते. मग ती दुरुस्त करतात."

"आधीच माहीत असतं तर मोजायचं कशाला?"

"हात बसावा म्हणून. जास्त बोलू नको."

ती खोडायला लागली. खोडताना तिच्या डोळ्यांतून पाणी वहीवर पडलं, तिथला कागद भिजून फाटला, म्हणून मी पुन्हा ओरडलो. संध्याकाळपर्यंत सगळे आकडे एका रांगेत बसले. मी सही केली.

बाई खूश झाल्या. वही त्यांनी दोन शिक्षकांना दाखवली. "आकड्यांत किती सातत्य आहे बघा," म्हणाल्या आणि मंजिरीचं नाव यादीत ठेवलं. मी घरी येताना जिलबी आणली. मंजिरीनं एक कडं उचललं आणि तसंच ताटलीत ठेवलं.

पुढचा रविवार. मी आरशासमोर दाढी करत होतो. वही दाखवून झाली होती, पुढचे आकडे ती लिहीतही नव्हती, तरी मंजिरी रोजच्यासारखी घड्याळ घेऊन जिन्यात जाऊन बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"अण्णा," तिची हाक आली. "आई मधेच बसली. घड्याळ थांबवू का चालू ठेवू?"

"कितव्या पायरीवर?"

"एकतिसाव्या."

"चालू ठेव. बसली तरी वेळ जातोच." मी दुसरा गाल भिजवला.

"अण्णा, दोन मिनिटं झाली."

"हं."

"अण्णा, तीन झाली. आई बोलत नाही."

आणि मग कळशी सुटल्याचा आवाज आला. पायऱ्यापायऱ्यांवरून आपटत ती पार तळमजल्यापर्यंत गेली. अर्ध्या तोंडाला साबण तसाच, मी धावलो. शालन भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला, ओठ कागदासारखे. तिला उचललं तेव्हा लक्षात आलं, ही किती हलकी झालीय.

कारखान्याच्या गाडीनं तालुक्याला नेलं. मंजिरीला कुणाकडे ठेवायचं सुचलं नाही, ती तशीच गाडीत बसली. मांडीवर वही, हातात माझं घड्याळ कोपरापर्यंत सरकलेलं. डॉक्टर इनामदार वयस्क होते. त्यांनी शालनच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासायला दिलं आणि मला बाजूला घेतलं.

"अंगात रक्तच नाही हो यांच्या. कधीपासून असं?"

"आजपासून. म्हणजे आत्ताच. सकाळपर्यंत बरी होती."

"नीट आठवा. हे एका दिवसात झालं असेल तर आत कुठंतरी फुटलंय. मग पुण्याला हलवून पोट उघडावं लागेल, आणि वाटेत भराभर रक्त चढवावं लागेल. पण हळूहळू झालं असेल तर तसं रक्त चढवलं की हृदय दमतं, बाई हातची जाईल. तेव्हा रक्त थेंबाथेंबानंच द्यायचं. मला यातलं एक ठरवायचंय, आणि लगेच. दम लागत होता का? पाळी कशी आहे?"

"वेळेवर," मी म्हणालो. "दर महिन्याला चारच दिवस. त्यात काही घोटाळा नाही."

ते शालनपाशी गेले. "ताई, कधीपासून दम लागतोय?"

शालननं डोळे किलकिले केले. मला पाहिलं. "काल... कालपासनं," म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. तेवढ्यात वही आठवली आणि मोठाच आधार वाटला. "डॉक्टर, लेखी आहे," मी म्हणालो. "माझी मुलगी रोज मोजते. जिना चढायला लागणारा वेळ, नाडी, सगळं." मी मंजिरीच्या मांडीवरून वही घेऊन त्यांना दिली.

त्यांनी पानं उलटली. ऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी. नाडी बहात्तर. खाली माझ्या सह्या.

"म्हणजे पंचवीस तारखेपर्यंत अगदी ठणठणीत होत्या," ते म्हणाले. "मग हे अचानकच झालंय. पुण्याला फोन लावतो."

मी मान हलवणार होतो. इतका गोंधळलो होतो की माझाच आकडा मला खरा वाटला.

मंजिरीनं माझ्या शर्टाचं टोक ओढलं. ती हळू आवाजात बोलली, पण डॉक्टरांना ऐकू गेलं.

"अण्णा, खरे सांगू का वहीतले?"

डॉक्टर थांबले. अर्ध्या गालावरचा साबण वाळून कातडी ओढत होती, एवढंच कळत होतं.

"खरे," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसे म्हणायला लागली. चार जानेवारी ऐंशी. नऊ जानेवारी अठ्ठ्याऐंशी. चौदाला एकशे चार. एकोणीसला एकशे एकवीस. परवा एकशे अडतीस, काल एकशे बावन्न. नाडी एकशे अठरा, मग एकशे बावीस. डॉक्टरांनी समोरच्या कागदाच्या पाठीमागे सगळं लिहून घेतलं. लिहिता लिहिता विचारलं, "आणखी काय बघितलंस, बाळ?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "आई पेन्सिली खाते. पाटीच्या. कच्चे तांदूळ पण. तिनं सांगितलं होतं, अण्णांना सांगू नको."

रक्त कमी झालं की माणूस असलं काहीबाही खातं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी मला फक्त ती बाहेर काढलेली गुलाबी जीभ दिसली.

डॉक्टरांनी फोन लावला नाही. मला बाहेर जायला सांगितलं आणि नर्सला आत बोलावून शालनला पुन्हा सगळं विचारलं. मी नसताना ती बोलली. पाळी चार दिवसांची नव्हतीच. पाच महिने झाले, बारा-बारा, चौदा-चौदा दिवस जात होतं. चार दिवस झाले की ती न्हायची आणि ओट्यापाशी उभी राहायची. खरं सांगितलं असतं तर महिन्यातले पंधरा दिवस आमच्या घरात चूल पेटली नसती. "पोरीची परीक्षा जवळ आली होती," नर्सला ती म्हणाली. "यांना ड्युटी. कुणी करायचं?"

रक्त थेंबाथेंबानं चढवलं, आठ दिवस. पुढं उन्हाळ्यात गर्भाशयाच्या गाठीचं ऑपरेशन झालं. शालन बरी झाली, आणि आज माझ्यापेक्षा भराभर जिना चढते. आईला मी कळवून टाकलं की आमच्या घरात यापुढे कुणी बाजूला बसणार नाही. आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. प्रयोगशाळेत मी आकडे बसवणं सोडलं, त्यानं सोबतचे लोक वैतागले. तेही सोसलं. एवढं सगळं मला करता आलं.

मंजिरीला स्कॉलरशिप मिळाली. पाचवीत गेल्यावर एका संध्याकाळी ती जमिनीवर पालथी पडून गणितं सोडवत होती. मी जवळ जाऊन बसलो. खिशातलं पेन काढलं.

"आण, तपासून देतो."

तिनं वही मिटली नाही की लपवली नाही. फक्त त्यावर कोपर टेकवलं.

"नको, अण्णा. बरोबर आहेत."

आवाजात राग नव्हता. असता तर मी समजूत काढली असती, माफी मागितली असती, काहीतरी केलं असतं. दहावी झाली, कॉलेज झालं, आता ती स्वतः दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते. रविवारी फोन करते, शालनची औषधं, माझा गुडघा, सगळं विचारते. पण त्या दिवसानंतर तिनं एकही उत्तर मला दाखवलेलं नाही, आणि कसं मागायचं ते मला अजून कळलेलं नाही.